भेरलीच्या माडावरचा शाकाहारी

"बाई, बघितलंत का? बघितलंत का हे?"

सुधाताईंचा आवाज कुंपणाच्या भिंतीशी त्यांच्या आधी पोचतो. नातवाच्या मुंजीसाठी त्यांनी घराची पश्चिमेकडची भिंत नुकतीच पांढरीशुभ्र करून घेतली होती. त्या पांढऱ्यावर माडापासून थेट न्हाणीघराच्या खिडकीपर्यंत तांबूस शिंतोडे उडाले होते.

"वाघळांचं काम," मी म्हटलं. "रात्री फळं खाऊन उडता उडता..."

"उडता उडता करायचं ते माझ्याच भिंतीवर का? तुमची भिंत दिसत नाही त्यांना?"

"माझी पिवळी आहे. तिच्यावर उठून दिसत नाही, एवढंच."

आमच्या दोन बंगल्यांच्या मध्ये भेरलीचा माड उभा आहे. पुण्यातल्या जुन्या गल्ल्यांतून अजून असे माड दिसतात. पानं माशाच्या शेपटीसारखी कातरलेली, आणि बुंध्यावरून खाली सुटलेले लांबच लांब घोस. बुंधा सुधाताईंच्या हद्दीत, घोस माझ्याकडे झुकलेले. त्यामुळे माडाचं कौतुक असेल तर तो त्यांचा, आणि तक्रार असेल तर माझा. त्यातल्या एका घोसात फळवाघळांचं बिऱ्हाड आहे. सुधाताईंच्या भिंतीत वापरात नसलेला एक जुना नळ आहे, त्याच्या तोंडात दरवर्षी दयाळ घरटं करतो. तो मात्र कुठल्याही दिवशी, कुठल्याही कारणाने त्यांचाच.

"त्याचं बघा," त्या म्हणाल्या. दयाळ तेव्हा वायरीवर शेपटी उभारून बसला होता. "पहाटे उजाडायच्या आत सुरू करतो. काय तो गळा! देवाचं नाव घेतल्यासारखं वाटतं. आणि ही वाघळं, मेली उलटी लटकलेली, दिवसभर झोपा काढायच्या आणि रात्री उठून लोकांच्या भिंती रंगवायच्या."

"तो देवाचं नाव घेत नाही, सुधाताई. ही जागा माझी आहे, दुसऱ्या नरांनी इकडे फिरकू नये, असं बजावतोय. मादी असेल तर मात्र तिने जरूर यावं."

"म्हणजे भांडतोय तो?"

"भांडतोय आणि स्थळही बघतोय, एका दमात. म्हणून तर फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत गातो. पुढे गरज संपली की गाणं संपलं. दिवाळीत कधी ऐकलंत त्याला? नुसता चर्रर्र करतो."

सुधाताईंनी आठवून बघितलं. दिवाळीतला दयाळ त्यांना आठवेना. पण हरणं त्यांच्या स्वभावात नाही. "का गातो ते त्याचं तो बघेल. गातो ना? तुमचं वाघूळ काय करतं मादीसाठी?"

"घर बांधतं."

या उत्तराची त्यांनी अपेक्षा केली नव्हती. मी मग त्यांना कुंपणाच्या या बाजूने घोसाच्या खाली बघायला लावलं. बाहेरून नुसत्या लोंबत्या लड्या दिसतात. मधोमध मात्र पोकळी आहे, घंटेच्या आतल्या भागासारखी. ती निसर्गतः नसते. नर घोसात शिरतो आणि मधल्या लड्या एकेक करून दातांनी कुरतडून खाली टाकतो. कडेच्या लड्या तशाच ठेवतो, म्हणजे भोवती पडदा राहतो. हे काम एका रात्रीचं नव्हे, कित्येक आठवडे चालतं. जिथे भेरली नसेल तिथे तो उंच अशोकाची लोंबती पानं निवडतो किंवा ताडाच्या पानात खाच पाडून ते दुमडतो. पण घर केल्याशिवाय संसार नाही.

"मधल्या लड्या पडल्या त्या मीच झाडल्या," सुमनबाई पायरीवरून म्हणाल्या. त्या दोन्हीकडे कामाला येतात, त्यामुळे कुठल्याही वादात त्यांचं मत शेवटचं असतं. "हाताला इतकी खाज सुटली की खोबरेल लावून बसले. आमच्या महाडाकडं भेरलीची माडी काढतात, पण फळाला कुणी हात लावत नाही."

फळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. सुमनबाईंना हे मी सांगितलं. त्यांनी "ते असू द्या, खाजतं हे खरं" असं म्हणून विषय मिटवला.

"बरं, घर बांधलं. मग?" सुधाताईंना पुढची गोष्ट हवी होती. गप्पांत त्यांची हीच खुबी आहे, ज्याच्याबद्दल राग आहे त्याच्याच घरची सगळी चौकशी त्या आधी करतात.

"मग बायका येतात."

"बायका? किती?"

"कधी दोन-चार, कधी डझनाच्या वर."

"अगंबाई!"

आता कोपरं भिंतीवर टेकली गेली. पुण्यात या जातीवर खूप अभ्यास झालाय. 1990च्या दशकात जे स्टॉर्झ नावाचे अमेरिकन संशोधक इथे काम करून गेले. त्यांच्याबरोबर इथले हेमंत भट आणि वटवाघळांचे मोठे अभ्यासक टॉम कुंझ होते. पुण्याच्या झाडांवरचे असे घोस आणि पानांचे तंबू शोधून आतली कुटुंबं त्यांनी तपासली. एक नर आणि त्याच्याभोवती माद्यांचा घोळका, अशी ती रचना. आणि ज्या नरांना घर जमलं नाही ते एकेकटे कुठेतरी लटकलेले.

"म्हणजे घर नाही तर मुलगी नाही," सुधाताई म्हणाल्या. "पुण्यातलीच जात ती."

"बाळंतपणं दोन. एक फेब्रुवारी-मार्चात, दुसरं जून-जुलैत. दर खेपेला एकच पिल्लू. आणि पहिलं झालं की लगेच दुसऱ्याचे दिवस जातात. म्हणजे वर्षातला बराचसा काळ ती पोटुशीच."

"आणि तो?"

"तो घर राखतो."

"पोरांचं?"

"पोरांचं सगळं आईकडे. जन्मतःच पिल्लू आईच्या वजनाच्या पाव भाराचं असतं, सुधाताई. विचार करा. सुरुवातीला ते पोटाशी घेऊन उडायचं, दूध पाजायचं, मोठं झालं की घोसात ठेवून रात्री खायला बाहेर पडायचं. बाप त्यात कुठे नाही."

सुधाताईंनी क्षणभर घोसाकडे बघितलं. "बिल्डर आहे हो नुसता! घर बांधायचं, माणसं भरायची, पुढचं सगळं तुमचं तुम्ही."

मला हे नाकारता आलं नाही. दयाळाच्या बाजूने सांगण्यासारखं त्यांच्याकडे आता पुष्कळ होतं, आणि त्यांनी ते सगळं सांगितलं. तीन, चार, कधी पाच अंडी. मादी बारा-तेरा दिवस एकटीच उबवते हे खरं, पण पिल्लं बाहेर आली की नरसुद्धा चोचीत किडे धरून नळाशी फेऱ्या घालतो. मागच्या वर्षी मांजर आलं तेव्हा दोघांनी मिळून गोंधळ घातला होता. त्याची बायको राखाडी, साधी. तो काळा-पांढरा कुळकुळीत. "पण जोडी शोभते. आणि एकाला एक."

"एकाला एक दिसतात खरे," मी म्हटलं. इथे मी थांबायला हवं होतं, पण गप्पांत कोण थांबतं. "गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं डीएनए काढून तपासायला लागल्यापासून शास्त्रज्ञांची झोप उडाली. जोडी एकीकडे आणि पिल्लांचा बाप दुसरीकडे, असं जातीजातीत निघालं. ऑस्ट्रेलियात निळी टोपी घातल्यासारखा दिसणारा एक चिमुकला रेन आहे. जोडी सोडत नाहीत. पण घरट्यातली निम्म्याहून जास्त पिल्लं शेजाऱ्यांची."

"ती ऑस्ट्रेलियातली."

"हो."

"आमचा तसला नाही."

मी गप्प बसले. सुमनबाई हसल्या, पण तोंड फिरवून.

सुधाताईंनी मग विषय पोटाकडे नेला. त्यांच्या घरात कांदासुद्धा वारावर ठरतो. "पण एक सांगा, रात्री ही रक्त पितात म्हणे."

"आपल्याकडचं एकही वाघूळ रक्त पिऊन जगत नाही. तशा तीनच जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या मुलखात. हा तुमचा शेजारी शुद्ध शाकाहारी आहे. पेरू, चिकू, केळं, जांभूळ, उंबर, आंबा, देशी बदाम. मोहाच्या फुलांतला रससुद्धा. फळ झाडावर बसून खात नाही. तोंडात धरून जरा लांबच्या फांदीवर नेतो, चावून चावून रस पितो आणि चोथा थुंकतो. तुमच्या पोर्चमध्ये सकाळी बदाम पडलेले असतात ना, कडेने चघळलेले? ते त्याच्या ताटातले."

"मी समजत होते वरच्या मजल्यावरची मुलं टाकतात. मी बोलले हो त्यांना."

"आणि तुमचा गवई काय खातो माहीत आहे?"

"किडे."

"किडे, गांडुळं, आणि मिळाली तर लहानशी पाल."

सुधाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी दयाळाकडे पाहिलं. तो तेव्हा नेमका हिरवळीवर उतरून काहीतरी ओढत होता. आमच्या गल्लीत भाडेकरू ठेवताना विचारतात तो पहिला प्रश्न या दोघांना विचारला असता, तर वाघळाला खोली मिळाली असती आणि दयाळ जिन्यावरूनच परत गेला असता.

दोघांचं वजन मात्र जवळजवळ सारखं. दयाळ चाळीसेक ग्रॅमचा, वाघूळ थोडं जास्त. पण एकाने पंख पिसांचे केले, दुसऱ्याने हाताचे. वाघळाचा पंख म्हणजे आपलाच पंजा. बोटं लांबवून त्यांत कातडं ताणलेलं, अंगठा मोकळा, लटकायला आणि फळ धरायला. दोन्ही पंख पसरले की दीड फूट. उजेडात मी एकदा वरून जाणारं वाघूळ पाहिलंय, पंखातून बोटांची हाडं स्पष्ट दिसतात. ते पाहिल्यावर त्याला पाखरू म्हणणं मला तरी जमत नाही. अंगावर लोकर, तोंडात दात, छातीशी दूध. सस्तन प्राण्यांत खरं उडता येणारं हे एवढंच कूळ, आणि त्यात 1400 च्या वर जाती.

"आंधळी असतात आणि केसात अडकतात," सुधाताई म्हणाल्या. पण यावेळी आवाजात प्रश्न होता.

"फळवाघळांना उत्तम दिसतं. एवढे मोठे डोळे कशाला दिलेत? किडे खाणारी छोटी वाघळं आवाज टाकून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. हे घोसातलं नाकाने आणि डोळ्यांनी पिकलेलं फळ शोधतं. तुमच्या केसांत पेरू नाही, त्याला तिथे काय काम?"

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एक वेगळीच गोष्ट सांगायची होती. सुधाताईंच्या यजमानांनी जपलेलं सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक त्यांच्या देवघराशेजारच्या फडताळात असतं. सलीम अली हे नाव त्या घरात मोठ्या मानाने घेतलं जातं. मी म्हटलं, "तुमच्या सलीम अलींच्या नावाचं एक वटवाघूळ आहे."

"काहीतरीच! पक्षी असेल."

"वटवाघूळ. तेही फळं खाणारं. 1948 साली मदुराईकडच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन या निसर्गप्रेमी मळेवाल्याला मिळालं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आलं आणि आखूड नाकाचं फळवाघूळ म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे या घोसातलंच, रोजचं, सगळीकडे दिसणारं. त्यामुळे कुणी पुन्हा बघितलं नाही. चोवीस वर्षं ते तसंच पडून. मग थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या यांनी ते नीट पाहिलं. शेपूट नाही, पुढचे दात कमी. ही जातच वेगळी, नुसती जात नव्हे, अख्खा वंशच वेगळा! 1972 साली त्यांनी त्याला सलीम अलींचं नाव दिलं."

"पक्ष्यांच्या माणसाला वाघूळ," सुधाताई पुटपुटल्या. त्यांना ते अपमानास्पद वाटतंय की अभिमानास्पद, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

"आणि गंमत म्हणजे त्याच 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात फळवाघळं कुठे, तर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत. कावळा, उंदीर, घूस यांच्या रांगेत. कुणीही मारावं. पन्नास वर्षं ती यादी तशीच राहिली. 2022 च्या दुरुस्तीत ती काढली."

"म्हणजे आता मारता येत नाही?"

सुधाताईंनी हा प्रश्न फारच पटकन विचारला. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्या तुळशीची वाळकी पानं खुडत होत्या.

रोगाचं त्यांनी काढलं नसतं तर मीच काढलं असतं, कारण तो मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे आणि खरा आहे. 2018 मध्ये कोझिकोडला निपा आला, तेव्हा त्याचा माग मोठ्या वटवाघळांपर्यंत गेला. 2020 च्या मार्चमध्ये आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, त्यांच्यातही निपाच्या खुणा मिळाल्या. ती वाघळं निराळी, गुहेत राहणारी. तरी चोची-दातांनी उष्टावलेलं फळ खाऊ नये, खाली पडलेलं वाघूळ हाताने उचलू नये. सुमनबाईंना मी दोन्ही गोष्टी पुन्हा सांगितल्या, कारण पडलेला पेरू धुऊन खाण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. सगळी झाडं तोडून वाघळं हाकलावीत, असा सल्ला मात्र मी देणार नाही. हाकललेली वाघळं शेजारच्या गल्लीतच जातात.

"पण गाणं नाही ते नाहीच," सुधाताई परत मूळपदावर आल्या. "गाण्याला तोड नाही."

इथे मी खूष झाले, कारण या गोष्टीचं उत्तर माझ्या पदरात आहे. पक्ष्यांचा गळा वेगळा असतो. आपला आवाज वर घशात तयार होतो. गाणाऱ्या पक्ष्याचा आवाज खाली, जिथे श्वासनळीचे दोन फाटे होतात तिथे. दोन्ही फाटे तो वेगवेगळे वाजवू शकतो, एकाच वेळी दोन सूर. वाघळाकडे हे नाही, त्याचा घसा आपल्यासारखाच. तरी पनामा आणि कोस्टा रिकात एक छोटं वाघूळ आहे, पंखाशी पिशवी असलेलं. त्याचे नर गातात. आणि त्याची पिल्लं मोठ्यांचं ऐकून ते शिकतात. शिकताना काय करतात? बोबडं बोलतात. सूर जुळवून, मोडून, पुन्हा तोच तुकडा घेऊन, कधीकधी अर्ध्या तासाहून जास्त वेळ. 2021 साली अहाना फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. माणसाचं बाळ करतं तसंच, म्हणे.

"बोबडं?" सुमनबाई पुढे सरकल्या. "वाघळाचं पोर?"

"मग आपलं का नाही करत?" सुधाताईंनी माझ्यावरच ठपका ठेवला. "चांगलं काही असलं की ते परदेशातलंच वाघूळ."

"परदेशातलं वाईटही आहे. स्पेनमध्ये एक मोठं वाघूळ आहे. रात्री स्थलांतर करणारे गाणारे पक्षी ते आभाळातच धरतं आणि उडता उडताच खातं. त्याच्या विष्ठेत पिसं सापडली, तेव्हा 2001 साली पहिल्यांदा लोकांचा विश्वास बसेना. रॉबिनसारखे पक्षी हो, गळ्याने तुमच्या दयाळाच्या तोडीचे."

सुधाताईंचा हात छातीशी गेला. "हे आपलं..."

"हे आपलं फळं खातं. मघाशीच सांगितलं. आपल्याकडच्या जुन्या देवळांत आणि लेण्यांत राहणारं एक वाघूळ मात्र बेडूक, उंदीर आणि क्वचित लहान पक्षीही मारतं. ते इथे नाही."

संध्याकाळ व्हायला आली होती. दयाळ हा पाखरांतला उशिरा झोपणारा. चिमण्या-साळुंक्या गप्प झाल्या तरी याचं थोडं चालू असतं. त्याच सुमाराला घोसातून पहिलं वाघूळ सुटतं. मी हे रोज बघते. दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सुधाताईंना मात्र आज काळजी वाटत होती, म्हणून त्या दयाळ नळाजवळ जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट काढली. म्हणजे ती त्यांच्या मनात पहिल्यापासून असणार. "माड तोडायचं ठरवतेय मी. महापालिकेत अर्ज करायचा आहे. खर्च निम्मा-निम्मा."

"कशाला? तो स्वतःच चाललाय."

"म्हणजे?"

"भेरली आयुष्यभर नुसती वाढते. एकदा फुलायला लागली की पहिला घोस शेंड्याशी, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा, असं उतरत येते. सगळ्यात खालचा घोस पिकला की माड संपला. आपला आता निम्म्यावर आलाय. काही वर्षं जातील, पण मरणार नक्की."

"आणि वाघळं?"

"दुसरीकडे घोस शोधतील. नाहीतर कोपऱ्यावरच्या सोसायटीतले अशोक आहेतच."

सुधाताईंनी त्या सोसायटीचा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्या सोसायटीच्या अध्यक्षांशी त्यांचं पाण्याच्या टँकरवरून वाकडं आहे.

"मग वाळका बुंधा तेवढा पाडायचा."

"पाडायचा तर पाडा. उभा ठेवला तर त्याला ढोल्या पडतात. दयाळाला तसल्या ढोलीत घरटं करायला आवडतं, नळापेक्षा जास्त."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. सुमनबाई भांड्यांकडे गेल्या. आत कुणीतरी टीव्ही लावला.

"बुंधा राहू दे," सुधाताई म्हणाल्या. "अर्जाचं मी बघते. पण ढोली माझ्या बाजूला पडली पाहिजे हं, तुमच्या नाही."